ओलं फडकं

मातीचा चेहरा वाळू द्यायचा नसतो. अश्वजितच्या धंद्यातला हा पहिला धडा. शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक लेकराला तो हे सांगत असे. त्याची बायको विशाखा शाळेत शिकवायची. वर्षातून एकदा ती आपला वर्ग घेऊन यायची, मग अश्वजित हातातलं काम बाजूला ठेवून सगळं सावकाश समजावून सांगायचा. ही गोदावरीकाठची चिकण माती. ही सळईच्या सांगाड्यावर चढवायची, हिच्यात चेहरा घडवायचा. पण चेहरा झाला म्हणजे पुतळा झाला असं नाही. माती फक्त वाट दाखवते. तिच्यावर पीओपी चढवून साचा घ्यायचा, मग आतली माती कोरून काढून टाकायची. रिकाम्या साच्यात फायबर भरायचं आणि ते घट्ट झालं की साचासुद्धा फोडून टाकायचा. मग जे हातात उरतं, तो पुतळा. तो उन्हापावसाला दाद देत नाही. मात्र साचा घेईपर्यंत माती ओली राहिली पाहिजे. रोज फडकं भिजवून तिच्यावर गुंडाळायचं, वरून प्लास्टिक बांधायचं.

"म्हंजी तिला तहान लागती का?" एका पोरीनं एकदा विचारलं होतं.

"लागती की," अश्वजित म्हणाला होता. "आन लागली तरी ती सांगत न्हाई. आपल्यालाच ध्यान ठेवावं लागतं."

नांदेडच्या बाहेरच्या अंगाला त्याचं घर होतं आणि घरामागं ही पत्र्याची शेड. तिथं तो आणि त्याचा भागीदार हनुमंत बुद्धमूर्ती घडवायचे. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांच्या विहारांत त्याच्या हातच्या मूर्ती बसल्या होत्या. मिटलेले डोळे, लांब कान, शांत ओठ. ते ओठ तो बोलता बोलता करायचा, त्याकडे बघावंही लागत नसे.

आपल्या आईचा पुतळा करायचं त्यानं त्या वर्षीच्या शिमग्यानंतर मनावर घेतलं. सरजाबाईला तेव्हा धाप लागू लागली होती. दुपारी ती शेडमध्ये खुर्चीवर येऊन बसायची, मांडीवर सूप आणि सुपात तूर. नुसतं बसणं तिला जमत नव्हतं.

"मपला कशाला पुतळा? मी काय मोठी हाय का?"

"मोठी न्हाईस, माय. पण माझी तर हायेस. आन हालू नको जरा."

"मी काय भंतेजी हाय का असं बसायला? हालल्याबिगर तूर कशी निवडावी माणसानं?" मग जरा थांबून, "किती दिस टिकल हे?"

"माती न्हाई टिकत. मागून फायबर करणार हाय. ते मी मेल्यावर बी राहील."

"म्हंजी तुमच्या लेकरायला रोज सकाळी उठून माझं तोंड बघावं लागंल. बिचारी लेकरं."

आयुष्यभर तिनं रस्त्याच्या कामावर खडी वाहिली होती. डाव्या भुवईत खडी उडून लागलेल्याची खूण होती, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके होते. पुढचा एक दात पडलेला, त्यामुळं वरचा ओठ त्या बाजूनं किंचित आत गेलेला. हे सगळं अश्वजितनं मातीत उतरवलं. पण ती उतरेना. चेहरा सरजाबाईसारखा दिसायचा, इतकंच.

मग एका दुपारी त्याचे वडील दारात येऊन उभे राहिले. व्यंकटराव रेल्वेच्या गँगमध्ये रूळ बदलून निवृत्त झालेले. अंगठा अजून खिळ्यासारखा कडक.

"नाक नीट काढ तिचं," ते म्हणाले. "ते नाक बघूनच मी लग्नाला हाव म्हणालो होतो."

सरजाबाईनं सुपातून मान वर केली. तिला उत्तर सुचलं होतं, ते ओठावर आलं होतं आणि ते म्हणायच्या आधीचं हसू तिनं ओठाच्या उजव्या कोपऱ्यात दाबून धरलं होतं. तिथं एक बारीक मुडप पडली. आयुष्यभर कुणालाही टोला मारायच्या आधी ती तिथंच पडायची. अश्वजितनं अंगठ्याच्या नखानं मातीत ती मुडप दाबली.

"नाक बघितलं म्हणं," सरजाबाई म्हणाली. "तवा मान वर करायची छाती होती का तुमची? माझ्या पायाकडं बघून बसला होता. माझी माय म्हणली, पोरगा आंधळा हाय का बघा जरा."

व्यंकटराव हसले आणि हसता हसता मातीकडं वाकले. "अश्वा," ते म्हणाले, "ही आता काहीतरी बोलंल बघ."

अश्वजितनं हात धुतले. आता यात आणखी काही करायचं राहिलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी चहाची बशी हातात असताना सरजाबाई गेली. घरात माणसं जमली. त्रिशरण, पंचशील झालं. तिला पांढऱ्या कापडात गुंडाळलं, फुलं वाहिली. उचलायच्या आधी कुणीतरी कापड तिच्या तोंडावर ओढलं. "जरा थांबा," व्यंकटराव म्हणाले. पण लोक घाईत होते, ऊन चढत होतं, आणि त्यांचा आवाज मुळातच हळू. तो कुणाला ऐकू गेला नाही. अश्वजितला गेला होता. पण तो खांदा द्यायला वाकला होता आणि थांबवायचं कसं हे त्याला कळलं नाही.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. आता साचा घ्यायला हवा होता. लातूरच्या एका विहारात मोठी बुद्धमूर्ती बसवायची होती. ती भागाभागांत नेऊन तिथंच जोडायची होती, आणि बुद्धपौर्णिमेच्या आत ती उभी राहायला हवी होती. जायच्या आधी मातीचं काम उरकू म्हणून अश्वजितनं घमेल्यात पीओपी कालवला.

साच्याचा पहिला थर हातानं फेकावा लागतो. पातळ पीओपी बोटांवर घेऊन चेहऱ्यावर झटकायचा, म्हणजे तो डोळ्यांच्या कडांत, नाकपुड्यांत, ओठांच्या फटीत जाऊन बसतो, हवा राहत नाही. यात अडण्यासारखं काहीच नव्हतं. त्यानं हे शेकडो वेळा केलं होतं. त्यानं फडकं सोडलं. आई बोलायच्या बेतात होती. तो घमेलं धरून तिच्यासमोर उभा राहिला.

मागून हनुमंत आला तेव्हा घमेल्यातला पीओपी दगड होऊन बसला होता. हनुमंतनं तो बोटानं वाजवून बघितला, मग अश्वजितकडं बघितलं.

"लातूरवरून आल्यावर करू," हनुमंत म्हणाला. "ओली तर हाय. कुठं पळून चालली."

अश्वजितनं फडकं भिजवलं. बापाच्या जुन्या धोतराचंच फाडलेलं पांढरं फडकं होतं ते. ते त्यानं चेहऱ्याभोवती गुंडाळलं, वर प्लास्टिक बांधलं आणि व्यंकटरावांना शेडची किल्ली दिली.

"दादा, सकाळ-संध्याकाळ भिजवायचं. ऊन लई हाय. उघडं टाकू नका."

"मला काय सांगतोस? मी बघतो तिचं."

लातुरात वैशाखाचं ऊन असं होतं, की फायबरचं रेझिन कालवायच्या आतच डब्यात गोठू लागायचं. त्यामुळं काम फक्त सकाळी आणि दिवस मावळताना. मधल्या वेळात दोघं विहाराच्या व्हरांड्यात पडून राहायचे आणि अश्वजित घरी फोन लावायचा.

"फडकं ओलं करता न्हवं, दादा?"

"हाव. रोज करून राहिलो."

"प्लास्टिक?"

"हाव की."

एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "माय कशी हाय?"

फोनवर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग व्यंकटराव म्हणाले, "चांगली हाय. बोलत बसतो मी तिच्याशी. दुपारी."

अश्वजितला ते ऐकून बरं वाटलं होतं. बोलायला तोंड दिसावं लागतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

मूर्ती उभी राहिली, पौर्णिमा पार पडली, आणि दुसऱ्या दिवशी दोघं टेम्पोतून नांदेडला परतले. हनुमंत वाटेत गमतीजमती सांगत होता. अश्वजितनं टेम्पोतून उतरताच शेडकडं पाय वळवले. व्यंकटराव दारातच होते. मनगटापर्यंत हात मातीनं माखलेले.

"आलास का. बरं झालं. जरा फटी पडल्या होत्या तिला. मी बुजवल्या."

दोरीवर पांढरं फडकं वाळत होतं. स्वच्छ धुतलेलं, चार टोकं सारखी करून घातलेलं.

माती उघडी होती. कडेनं ती करडी, पांढरट झाली होती. मान भेगाळली होती, एक कान पडला होता आणि परत चिकटवला होता, उलटा. पण चेहऱ्याला भेग नव्हती. चेहऱ्यावर व्यंकटरावांचा अंगठा पाणी लावून लावून फिरला होता. नदीच्या तळातल्या गोट्यासारखा तो गुळगुळीत झाला होता. भुवईतली खूण गेली होती. गोंदणाचे ठिपके गेले होते. ओठ होते, पण त्यांना कोपरे नव्हते.

"फडकं?" अश्वजितनं विचारलं.

"भिजवत होतो ना. रोज भिजवत होतो. पण बसताना काढायचो." व्यंकटराव हातावरची माती खरवडू लागले. "पांढरं कापड हाय ते. तोंडावर असं... मला बघवंना, अश्वा. मंग वाटलं, राहू दे थोडा वेळ उघडं. तिला बी बरं वाटंल. मंग तो थोडा वेळ वाढत गेला. फट पडली तवा म्हणलं, तू येईस्तोवर नीट करावी."

विशाखा मागं येऊन उभी होती. "मी आत यायला लागले की म्हणायचे, तू नको, आमचं बोलणं चाललंय," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, बसू द्यावं त्यांना."

हनुमंत तोंड फिरवून टेम्पोतलं सामान उतरवायला गेला.

अश्वजितच्या मनात बरंच काही आलं. त्यातलं सगळ्यात खरं हे होतं, की जायच्या आधी घमेलं हातात होतं. तो म्हणाला, "जा दादा. हात धुवून घ्या. वाळली की माती वढती."

त्यानं माती पुन्हा भिजवली. कान नवा केला, भुवईत खूण केली, सुईनं ठिपके टोचले. ओठाजवळ मात्र त्याचा हात थांबला. त्यानं फोटो काढून बघितले. मतदार कार्डावर ती घाबरलेली होती. कुणाच्या तरी लग्नात ती मागच्या रांगेत होती, अर्धी पदरात. मोबाईलमध्ये एक व्हिडिओ सापडला, त्यात ती 'ते बंद कर आधी' म्हणत तोंड फिरवत होती. मुडप कुठंच नव्हती. ती फोटोसाठी पडणारी गोष्टच नव्हती.

त्यानं डोळे मिटून आठवून बघितलं. मग डोळे न मिटता. नखानं दाबली, पुसली, पुन्हा दाबली. आणि प्रत्येक वेळी बोटं आपसूक सवयीच्या वाटेनं गेली. ओठांची कड वर उचलली गेली, खाली सावली पडली, चेहरा निवांत झाला.

"अश्वजित," एका सकाळी हनुमंत त्याच्या खांद्यामागून म्हणाला, "हा ओठ आपला हाय. मूर्तीचा. माईचा न्हाई हा."

"माहीत हाय."

"मंग?"

"बोटं तिकडंच जायलेत."

हनुमंतनं बादली ओढली आणि फडकं भिजवायला घेतलं.

आणखी थांबण्यातही अर्थ नव्हता. आतून सुकलेली आणि वरून भिजवलेली माती एकमेकींना धरत नव्हती, गालाचे पापुद्रे सुटू लागले होते. व्यंकटराव रोज शेडच्या दारात येऊन विचारायचे, "कवा काढायची तिला?" शेवटी अश्वजित म्हणाला, "उद्या."

त्यानं डोक्यावरून कानामागं पत्र्याच्या पट्ट्या ओळीनं खोचल्या, म्हणजे साचा दोन भागांत उघडतो. पहिल्या थरासाठी पीओपीत नीळ घातली. साचा फोडताना पांढरं संपून निळं दिसलं, की पुतळा जवळ आला असं समजायचं, हात हलका करायचा. निळं पाणी बोटांवर घेऊन त्यानं चेहऱ्यावर फेकलं. या वेळी हात अडला नाही. ज्या चेहऱ्यावर फेकायला तो धजावला नव्हता, तो तिथं नव्हताच. निळं डोळ्यांत गेलं, नाकात गेलं, ओठांवरून ओघळलं. मग वरून पांढरे, काथ्या घातलेले जाड थर. पीओपी घट्ट होताना गरम होतो. व्यंकटरावांनी साच्यावर तळहात ठेवला आणि काढला नाही.

साचा उघडला. अश्वजितनं आतली माती कोरून कोरून बादलीत टाकली. कुठं नाक आलं, कुठं नवा केलेला कान.

"ही माती?" व्यंकटरावांनी विचारलं.

"भिजत घालायची. दुसऱ्या कामाला येती."

ते बादलीत वाकून बघत राहिले. मग बाजूला झाले.

धुतलेला साचा वाळायला भिंतीला टेकवून ठेवला होता. चेहऱ्याकडचा भाग, आतून निळा, पोकळ. दुपारनंतर दारातून उजेड आला तेव्हा व्यंकटराव त्याच्यासमोर पाटावर बसले होते. त्यांनी एकदम हाक मारली.

"अश्वा. अश्वा, इकडं ये. ही बघ."

अश्वजित आला.

"हितं बस. आता असा सरक. बघून राहिली न्हवं का तुझ्याकडं? मी तिकडं गेलो तरी वळती. अन् व्हट बघ, व्हट. आता बोलंल."

अश्वजितला ही गंमत माहीत होती. शाळेच्या लेकरांना तो ती नेहमी दाखवायचा. साच्यातला चेहरा खड्डा असतो, पण डोळा चेहऱ्याला खड्डा म्हणून बघायला तयार होत नाही, तो मनानंच त्याचा उंचवटा करतो. मग सावल्या उलट्या पडतात आणि आपण हललो की चेहरा हलल्यासारखा वाटतो. लेकरं इकडून तिकडं पळून बघायची आणि ओरडायची. कोणताही साचा असाच दिसतो. बुद्धाचासुद्धा.

हे सगळं ठाऊक असूनही तो बापाच्या शेजारी बसला आणि सरकला. निळ्या पोकळीतून आई त्याच्याकडं वळली. ओठाच्या उजव्या कोपऱ्यात उजेड हलला आणि क्षणभर तिथं ती मुडप पडली.

"दादा," तो म्हणाला, "भरायचा कशाला? हा साचाच ठिवू. असाच, हितं."

"असाच म्हंजी?"

"म्हंजी पुतळा नको. ही हाय ना."

व्यंकटरावांनी त्याच्याकडं असं बघितलं, की त्याला आपण काही वाईट बोललो असं वाटलं. "अन् ती आतच राहील? अंधारात?" ते म्हणाले. "बाहेर काढ तिला."

"बाहेर आल्यावर अशी दिसणार न्हाई, दादा."

"कामून? साच्यात जे हाय तेच बाहेर येतं. तूच सांगतोस लेकरायला."

तो हेच सांगत असे. खड्ड्याची गोष्ट सांगितली असती तर बापाचं एवढंही गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्याच्याही मनात कुठंतरी आशा उठली होती, आपण बघितलं ते खोटं कशावरून.

त्यानं साच्याला आतून मेण लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. रेझिनचा थर दिला, त्यावर काचधाग्याची चटई बसवली, ब्रशनं हवा काढली. वास शेडभर, घरभर पसरला. हनुमंतनं दुसरा भाग भरला. दोन्ही भाग जोडून आवळले आणि रात्रभर तसेच ठेवले.

सकाळी फोडायला घेतला. व्यंकटराव आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले होते. बोथट छिन्नी आणि लाकडी हातोडी. पांढरे ढलपे खाली पडू लागले. निळं दिसलं तसा अश्वजितनं हात हलका केला. कपाळ मोकळं झालं. भुवई, तिच्यातली खूण. नाक.

"नाक बराबर हाय," व्यंकटराव म्हणाले.

मग ओठांवरचा निळा तुकडा सुटला. अश्वजितनं छिन्नी खाली ठेवली. हनुमंत जमिनीकडं बघत होता.

व्यंकटराव उठले. पुतळ्याच्या डाव्या अंगाला गेले, मग उजव्या. परत डाव्या. मान वाकडी करून बघितलं.

"ही हालंना," ते म्हणाले.

हनुमंतनं हातोडी उचलून बाजूला ठेवली.

"अश्वा, कालची कुठं गेली?"

"कोण, दादा?"

"साच्यातली."

अश्वजितनं खाली बोट दाखवलं. दुसरं काय दाखवणार. जमिनीवर ढलप्यांचा ढीग होता, निळा आणि पांढरा. व्यंकटराव उकिडवे बसले आणि एकेक निळा तुकडा उचलून उजेडाकडं धरून बघू लागले. एकात पापणीची कड होती. एकात नुसता गाल. बराच वेळ ते बघत होते. मग त्यांनी हातातला तुकडा परत ढिगावर ठेवला, हळूच, बाकीचे हलणार नाहीत असा.

पुतळ्याला ब्राँझचा रंग दिला. पुढच्या रविवारी तो घरात ठेवला. मुखेडकडचे पाहुणे आले, शेजारपाजारचे आले. सरजाबाईबरोबर खडी वाहिलेली कावेरीबाई काठी टेकत आली. वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या. जो तो पुतळ्यासमोर जाऊन हात जोडायचा.

"लई शांत दिसती," एक पाहुणा म्हणाला.

"हाव ना. समाधानी. कसली तक्रार न्हाई तोंडावर."

"अश्वजितच्या हातात हायच ते."

कावेरीबाई पुतळ्याकडं बघत राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि बाजूला होऊन भिंतीशी बसली.

"किती शांत, बघा ना," मागून पुन्हा कुणीतरी म्हणालं.

"ती शांत कवा होती?" व्यंकटराव म्हणाले.

दोघंतिघं हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं विनोद केला. मग त्यांचं तोंड बघून हसणं थांबलं आणि विशाखानं पटकन चहाचे कप आणले.

पाहुणे गेल्यावर अश्वजित बापाजवळ बसला. "दादा, मोडून टाकू का? परत करतो. वेळ लागंल, पण करतो."

"कशावरून करशील?"

माती दुसऱ्या कामाला गेली होती, साचा ढिगात होता, आणि आठवण काढायला गेलं की आता तिथं पुतळाच उभा राहायचा. ते त्याला त्या आठवड्यात हळूहळू कळत गेलं होतं. आईचा चेहरा आठवू लागला की हे ओठ आधी येत. रोज शेडमध्ये जाता-येता ते दिसत, आणि आता घरातही दिसत राहणार होते. तसंच केलं होतं त्यानं ते. टिकणारं.

"राहू दे," व्यंकटराव म्हणाले. "दोघायनी मिळून केलं ना."

मृगाच्या तोंडावर उकाडा वाढला होता. अश्वजित पहाटे उठून ओसरीवर आला तर आतल्या खोलीत पाण्याचा आवाज. व्यंकटराव बादलीत फडकं भिजवत होते. तेच, धोतराचं. त्यांनी ते पिळलं, झटकलं आणि पुतळ्याच्या डोक्यावरून घेतलं. कान झाकले. मग तोंडावर ओढलं आणि हनुवटीखाली नीट खोचलं, अश्वजित खोचायचा तसं.

"दादा, आता नको ते," अश्वजित म्हणाला. "फायबर हाय. वाळत न्हाई."

"माहीत हाय मला. झाकली की आतली तीच हाय असं वाटतं."

फडक्याचं पाणी टेबलावरून फरशीवर ठिबकत होतं. व्यंकटरावांनी घडी केलेलं प्लास्टिक उलगडलं आणि पुतळ्यावर टाकलं. एका हातानं प्लास्टिक धरून दुसऱ्यानं दोरी बांधता येईना. म्हातारा तसाच उभा राहिला, एक टोक धरून, कुणाकडं न बघता.

अश्वजित आत गेला आणि त्यानं दुसरं टोक धरलं.